स्टॉप-बँग आणि एपवर्थ फॉर्म नीट कसे भरायचे (स्लीप अ‍ॅप्निया)

स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास थांबणं किंवा उथळ होणं, त्याची शंका असली की हे दोन प्रश्नांचे फॉर्म भरायला देतात. सगळ्यात आधी एक सांगतो, हे फॉर्म एकट्याने भरू नका. आपण घोरतो का, झोपेत श्वास थांबतो का हे आपल्याला कसं कळणार, ते शेजारी झोपणाऱ्यालाच माहीत असतं, त्यामुळे त्यांना सोबत घेऊन बसा आणि ते जे सांगतील ते लिहा, वाद घालू नका.

स्टॉप-बँगमध्ये आठ प्रश्न, हो किंवा नाही, प्रत्येक हो ला 1 मार्क. मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबताना कुणी पाहिलंय का, बीपी, बीएमआय 35 च्या वर, वय 50 च्या वर, मानेचा घेर, आणि पुरुष असाल तर एक. बीपीत बरेच जण चुकतात, गोळीने बीपी नॉर्मल आहे म्हणून नाही लिहितात, पण गोळी चालू असेल तर उत्तर हो च. बीएमआय अंदाजे नको, वजन किलोत घ्या आणि उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागा, म्हणजे 98 किलो आणि 1.65 मीटर असेल तर 36 येतो. मान कंठमण्याच्या लेव्हलला टेपने मोजायची, टेप आवळायची नाही. मूळ फॉर्मवर 40 सेंमी आहे, नंतरच्या फॉर्मवर पुरुषांना 43 आणि बायकांना 41, तुमच्या हातातल्या फॉर्मवर काय आहे ते बघा.

0 ते 2 कमी धोका, 3-4 मधला, 5 किंवा जास्त म्हणजे जास्त धोका. बायकांचा एक मार्क मुळातच जातो, बारीक लोकांचा बीएमआयचाही जातो, म्हणून स्कोअर 2 आला आणि घरचे म्हणतायत श्वास थांबतो, तर 2 कडे बघून गप्प बसू नका.

एपवर्थ वेगळा आहे, तो फक्त दिवसाची झोप मोजतो. वाचताना, टीव्ही बघताना, जेवणानंतर शांत बसलेलं असताना वगैरे आठ प्रसंग, प्रत्येकाला 0 ते 3, एकूण 24. इथे थकवा विचारलेला नाही, डुलकी लागेल का हे विचारलंय, आणि एखादा प्रसंग हल्ली आलाच नसेल तर आला असता तर काय झालं असतं ते लिहायचं. 10 च्या वर गेलात तर डॉक्टरना दाखवा. गाडी चालवताना डोळा लागत असेल तर स्कोअर बिअर सोडा, गाडी चालवणं आधी थांबवा.

आणि स्कोअर म्हणजे आजाराची तीव्रता नाही हो! स्टॉप-बँगमध्ये 7 आला म्हणजे सिव्हिअर असं नसतं. ते स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेत श्वास मोजायच्या तपासणीत ठरतं, तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला त्यावरून. मोठ्या माणसांत 5 पासून सौम्य, 15 पासून मध्यम, 30 आणि वर तीव्र.

डॉक्टरकडे जाताना भरलेले दोन्ही फॉर्म न्या, आणि जमलं तर शेजारी झोपणाऱ्याला सांगून रात्रीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर काढून ठेवा, घोरणं मधेच बंद होऊन मग दचकून श्वास घेतला जातो ना, तेवढंच पुरे.