ज्येष्ठांसोबत अनेक मुक्कामांचा गाडीप्रवास आखताना

आधी ठिकाणांची यादी नको. दिवसाला गाडीत किती तास बसवेल ते ठरवा. सत्तरीपुढच्या बहुतेकांना ४ ते ५ तास पुरे होतात. नकाशा ४ तास दाखवत असेल, तर थांबे धरून साडेपाच समजा. आखणी फसते ती बहुधा इथेच: उशीर झाला की पहिली काट विश्रांतीला बसते.

दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवा आणि ५-१० मिनिटं त्यांना चालायला लावा. बराच वेळ पाय लोंबकळत राहिले की सूज येते, शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. सारखं थांबायला नको म्हणून ज्येष्ठ मंडळी पाणीच कमी पितात. मग चक्कर, बद्धकोष्ठता. स्वच्छतागृहांचे थांबे आधीच ठरवून त्यांना सांगा, म्हणजे ती निर्धास्तपणे पाणी पितील. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ बदलायची असल्यास डॉक्टरांना विचारूनच.

प्रत्येक मुक्कामी शक्यतो दोन रात्री. खोली ठरवताना फोन करून नेमकं विचारा: पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, कमोड आहे का, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का? ‘सोयीस्कर खोली’ एवढ्या उत्तरावर विसंबू नका.

औषधं दोन-तीन दिवसांची जास्त घ्या, चिठ्ठीसह, हाताशी राहतील अशा पिशवीत. उन्हात उभ्या गाडीत ती ठेवू नका. इन्सुलिन थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाला टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

गाडीत बसताना आधी पाठमोरं सीटवर टेकावं, मग दोन्ही पाय आत वळवावेत. गुडघ्यांचं दुखणं असेल तर याने खूप फरक पडतो.