विम्याच्या कागदावरील दोन तारखा

नव्या मोटारीसोबतचा विमा ३ वर्षांचा आहे असे समजून अनेकजण निर्धास्त राहतात. प्रत्यक्षात इतरांच्या हानीची भरपाई करणारा बंधनकारक थर्ड पार्टी विमाच तेवढी वर्षे चालतो, तर स्वतःच्या गाडीचे नुकसान आणि चोरी यांचे संरक्षण बहुधा वर्षभरातच संपते (विक्रेता हे आवर्जून सांगेलच असे नाही). म्हणून पॉलिसीवरील दोन्ही मुदती पाहून आधी येणारी तारीख मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावी. पहिल्या नूतनीकरणावेळी केवळ ‘ओन डॅमेज’ (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची) पॉलिसी मागावी. ती दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येते आणि वर्षभरात दावा केला नसल्यास तिच्या हप्त्यावर २० टक्के ‘नो क्लेम बोनस’ तिथेही मिळतो. मात्र मुदत संपून ९० दिवस उलटल्यास ही सवलत हातची जाते.