सतरा नंबर फॉर्म भरायचा म्हणताय?

लग्नानंतर हा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसायचं ठरवलं की बायका मला आधी गणिताचं विचारतात. मी उलट विचारते, शाळा सोडल्याचा दाखला कुठंय?

बहुतेकींचा तो माहेरच्या ट्रंकेत, नाहीतर शाळेतच पडून असतो. हरवला असेल तर जुन्या शाळेत अर्ज द्या. जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या वहीत, नोंद बघून दुय्यम प्रत मिळते, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. हे काम आधी उरका, कारण खाजगी विद्यार्थ्यांचा १७ नंबर फॉर्म साधारण पावसाळ्यात सुटतो आणि परीक्षा पुढच्या फेब्रुवारी-मार्चला असते. मुदत संपली की विलंब शुल्क.

दुसरा गुंता नावाचा. दाखल्यावर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं. फॉर्म दाखल्याप्रमाणेच भरा. पुढं दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागतं, तेही काढून ठेवा. सायबर कॅफेवाला घाईत असतो. इंग्रजी स्पेलिंग आणि जन्मतारीख स्वतः वाचल्याशिवाय फॉर्म पाठवू देऊ नका.

फॉर्म भरताना संपर्क केंद्र म्हणून एक शाळा निवडायची असते. जवळचीच घ्या. प्रात्यक्षिकं, तोंडी परीक्षा, वह्या सगळं तिथंच होतं. भाषांचा लेखी पेपर ८० गुणांचा, बाकीचे २० या कामाचे. ते फुकट घालवण्यासारखे नाहीत. पोरांच्या रांगेत उभं राहायला लाज वाटते, खरंय, पण पोरांना आपलं काही पडलेलं नसतं.

आता गणित. ४० गुणांचा बीजगणिताचा पेपर, तेवढ्याच गुणांचा भूमितीचा, वेगवेगळ्या दिवशी. मी ब्लाउज शिवते, त्यामुळे मला ‘अर्थनियोजन’ हा धडा आधी जमला. हजाराच्या मालावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९० केंद्राचे, ९० राज्याचे. अस्तर-लेसच्या बिलावर असंच दोन ओळींत फोडलेलं असतं. त्यानंतर संभाव्यता, मग अंकगणिती श्रेढी. भूमितीत रचना आधी घ्या, कंपास हाती धरायचा सराव असला की गुण मिळतात. प्रमेयं मागाहून. पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असं नाही, बालभारतीची पीडीएफ मोबाइलवर फुकट उतरवता येते. मात्र गणित मोबाइलवर वाचून येत नाही, वहीत सोडवावंच लागतं.

अभ्यासाची वेळ? पहाटे उठा म्हणणाऱ्यांच्या घरी दुसरं कुणीतरी डबा करत असणार. मी दुपारी, मशीन बंद करून बसायचे आणि दाराला कडी लावायचे. पण घरच्यांपासून लपवून अभ्यास करू नका. परीक्षेचे दिवस नेमके लग्नसराईत येतात, तेव्हा गिऱ्हाइकांनाही आधीच सांगून ठेवा. एखादी रुसेल, रुसू दे.

विषयात ३५ मिळाले की पास. एखादा राहिलाच तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, आणि पास झालेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत. हे माहीत असूनही गणित अवघड गेलं म्हणून पुढच्या पेपरला न जाणाऱ्या बायका बघितल्या की मला अजून चीड येते.