आधी रात्रीची वही, मग बाकीचं

आईला हल्ली विसरायला होतं. दुपारी चारच्या सुमारास ती विचारते, "आज वार कोणता गं?" मी सांगते. दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. पाच-सहा वेळा माझा आवाज नीट राहायचा, सातव्या वेळी चढायचा. मग ती पांघरुणाचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. आपलं काय चुकलं ते तिला आठवत नसे, पण कुणीतरी रागावलंय एवढं कळत असे.

मन शांत ठेवण्याचं जे काही मला थोडंफार येतं, ते या प्रश्नापाशी शिकले. पद्धत बुद्धांनी आपल्या मुलाला, भिक्षू झालेल्या राहुलाला सांगितलेली. राजगृहाच्या वेळुवनात राहत असताना ते संध्याकाळी अंबलट्ठिकेला त्याच्याकडे जातात. पाय धुतल्यावर भांड्यात थोडं पाणी उरतं. ते दाखवून म्हणतात, जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज वाटत नाही, त्याचं श्रमणपण, म्हणजे संन्यासीपण, एवढंसंच. पुढे विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, राहुल म्हणतो. मग तसंच शरीराने, वाणीने, मनाने केलेलं प्रत्येक कर्म पाहत जा: करण्याआधी, करताना आणि केल्यावर. यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते का, हे विचारत जा. मज्झिमनिकाय या पाली उपदेशसंग्रहातलं हे 61 वं सुत्त, म्हणजे उपदेश. सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात भिक्षू, भिक्षुणी आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत म्हणून जे उपदेश नावानिशी सांगितले, त्यांत हाही आहे.

मी सुत्ताच्या क्रमाने 'आधी'पासून सुरुवात केली आणि काही केल्या जमेना. विचार करायची आठवण होईपर्यंत शब्द बाहेर पडलेला असायचा. म्हणून उलट्या टोकाने धरलं. तुम्हालाही तेच सांगेन: 'केल्यावर'पासून सुरू करा.

झोपण्याआधी पाच मिनिटं आणि एक साधी वही पुरे. दिवसभरातलं एकच बोलणं निवडा आणि जसं झालं तसं लिहा. "आज चिडले" असं लिहू नका. "'किती वेळा सांगायचं?' असं म्हणाले, तिने माझ्या हातावरचा हात काढून घेतला" असं लिहा. "आज चिडले" मी कित्येक दिवस लिहीत होते आणि त्यात आई कुठेच नव्हती. तो काढून घेतलेला हात लिहिला, त्या रात्री पहिल्यांदा मला तिच्या बाजूने दिसलं.

पुढे काय करायचं, तेही सुत्तात आहे. शरीराने किंवा वाणीने चूक झाली असेल तर ती गुरूला किंवा समजदार सोबत्याला सांगायची. मी आठवड्यातून एकदा बहिणीला फोनवर वाचून दाखवते. चूक नुसती मनातच झाली असेल तर कुणाला सांगायला नको; तिची लाज वाटू द्यायची आणि पुढे सांभाळायचं. आणि ज्या दिवशी काही चुकलं नसेल, त्या दिवशी आनंदात राहायचं. हे शेवटचं बहुतेकजण गाळतात. मीही गाळायची. आता चांगलं बोललेलं वाक्यही वहीत लिहिते, तारीख घालून.

काही आठवड्यांनी 'करताना' आपोआप जाग यायला लागते. ती शरीरातून येते, म्हणून आपली खूण ओळखून ठेवा. माझ्या कानाच्या पाळ्या तापतात. ही वेदना, म्हणजे नुसती नकोशी जाणीव. 'हे आत्ताच्या आत्ता थांबलं पाहिजे' ही तिच्यामागून येणारी तण्हा, म्हणजे तृष्णा. त्या दोघींच्या मध्ये थोडी जागा असते, तिथेच बोलणं तोडायचं. "किती वे..." इथे मी एकदा थांबले. अर्धं वाक्य सोडताना फार विचित्र वाटतं. वाटू द्या.

'आधी' सगळ्यात शेवटी. दिवसभर सावध राहायला जाऊ नका, त्याने नुसता थकवा येतो. रोजची एकच वेळ निवडा, जिथे हमखास तोल जातो. माझी चारची. तिचा प्रश्न आला की एक श्वास आत, एक बाहेर, मग उत्तर.

एक मात्र लक्षात असू द्या. पीडेच्या प्रश्नात 'मला' हा शब्द आधी आहे. सगळं एकटीने करायचं या हट्टापायी माझी झोप उडाली होती आणि त्यालाच मी सहनशीलता समजत होते. वहीत पाहिलं तर वाईट नोंदी बहुतेक जागरणानंतरच्या होत्या. तेव्हा बहिणीला मदत मागितली. आता आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ती आईजवळ असते, मी झोपते.

काल आईने किती वेळा विचारलं, ते वहीत नाही. तिचं उत्तर तेवढं लिहून ठेवलंय: "गुरुवार? अगंबाई, इतक्यात आला?"