लेखात लांब डॅश दिसला? आरोप करण्याआधी या चुका टाळा

दिवाळी अंकाच्या कामात भाद्रपद कधी येतो आणि कधी जातो, कळत नाही. सदाशिव पेठेतल्या एका खोलीत आम्ही तिघं एका छोट्या अंकाचं संपादन करतो. एकदा असाच एक ललित लेख ईमेलने आला. पहिल्याच पानावर सात लांब डॅश (—). असे डॅश दिसले की मजकूर एआयनं लिहिलाय, असा समज हल्ली पसरलाय. मी शेजारच्याला म्हटलं, "चॅटजीपीटी." त्यानंही मान डोलावली. लेखिका निवृत्त शिक्षिका होत्या. फोन लावला आणि जमेल तितक्या गोड आवाजात विचारलं, "बाई, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"का हो? शुद्धलेखन चुकलंय?"

"नाही, नाही. ते मधले डॅश..."

"अपसारणचिन्ह म्हणतात त्याला. ते दिलं नाही म्हणून मी पोरांचा अर्धा-अर्धा मार्क कापलाय."

दुसऱ्या दिवशी बाई नारायण पेठेतून चालत आल्या आणि कापडी पिशवीतून फुलस्केप कागद काढून टेबलावर ठेवले. निळी शाई, डावीकडे समास आणि सातही डॅश जागच्या जागी. टायपिंग पुतण्यानं करून दिलं होतं. चहाला त्या थांबल्या नाहीत.

खाली लिहिलेल्या चुकांपैकी निदान दोन मी स्वतः केलेल्या आहेत.

चिन्ह लेखकानंच टाइप केलं असं धरून चालणं

कीबोर्डवर लांब डॅशचं बटण नसतं, म्हणून तो दिसला की मशीनचं काम, असा युक्तिवाद सगळीकडे ऐकू येतो. बटण नसतं हे खरं. पण वर्डमध्ये दोन शब्दांच्या मध्ये जागा न सोडता दोन छोट्या रेघा दिल्या आणि पुढचा शब्द टाइप केला, की वर्ड आपणहून त्यांचा लांब डॅश करून टाकतं. जागा सोडून एकच रेघ दिली तर मध्यम लांबीचा डॅश होतो. आयफोनमध्येही दोन रेघा सलग दिल्या की त्या जुळून एक होतात. विंडोजवर ऑल्ट दाबून ०१५१ हा आकडा द्यायचा, ही खूण तर जुन्या डीटीपीवाल्यांच्या बोटांत बसलेली आहे.

आपल्याकडे मजकूर लेखकापासून थेट वाचकापर्यंत क्वचितच जातो. हस्तलिखित अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या एखाद्या ऑपरेटरकडे जातं, तो सवयीनं त्याच्या पद्धतीचे डॅश देतो. मग मुद्रितशोधक हात फिरवतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणला, की काही चिन्हं गळतात आणि काही भलतीच होऊन बसतात. ती कुणीतरी एकेक करून दुरुस्त करतं. एवढ्या हातांतून आलेल्या रेघेवरून मूळ लेखक ओळखायचा, म्हणजे पोस्टाच्या शिक्क्यावरून पत्राचं अक्षर ओळखण्यासारखं आहे.

उलट, अर्जात 'विषय :-' असं लिहिणारा हमखास माणूसच असतो, असं माझं खासगी मत आहे. मशीनला ती सवय अजून लागलेली दिसत नाही.

डॅश परका आणि कालचा आहे असं समजणं

परका म्हणायचं तर मग सगळीच विरामचिन्हं परकी. मोडीत शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत, चिन्हं कुठली? स्वल्पविरामापासून उद्गारचिन्हापर्यंतची आजची व्यवस्था एकोणिसाव्या शतकात छपाईबरोबर मराठीत रुळली, आणि तिचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थसोबत कोशाचं काम केलेले हेच ते कँडी. त्यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. आणि कँडींचं बरंचसं काम पुण्यातलं. त्यामुळे पुण्यात बसून डॅशला उपरा ठरवणं जरा गमतीचंच. शाळेच्या व्याकरणात संयोगचिन्ह वेगळं, अपसारणचिन्ह वेगळं, हे आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे. बोलता बोलता वाक्य मध्येच तुटलं, किंवा पुढे खुलासा करायचा असला, तर अपसारणचिन्ह. परीक्षा संपल्यावर विसरलो, एवढंच.

मग ही शंका आली कुठून? चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसमोर आलं आणि त्याच्या इंग्रजीत लांब डॅश खरोखरच सढळ हातानं पडलेले असायचे. ही मॉडेलं छापील, संपादित मजकुरावरही शिकलेली आहेत आणि तिथे डॅश मुबलक असतात. म्हणजे मशीनची ही लकब माणसांकडूनच आलेली, आणि आता ती लकब मूळची ज्यांची, त्यांनाच खुलासा विचारला जातोय.

डिटेक्टरचा आकडा निकाल मानणं

मजकूर एआयचा की माणसाचा हे सांगणाऱ्या डिटेक्टरांबद्दल फार बोलत नाही, दोनच गोष्टी सांगतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयनं जानेवारी २०२३ मध्ये असं ओळखयंत्र आणलं होतं. एआयनं लिहिलेल्यातला २६ टक्केच मजकूर ते पकडायचं आणि माणसानं लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर खोटा शिक्का मारायचं. त्याच वर्षी जुलैत त्यांनी ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे निम्म्याहून अधिक निबंध त्या डिटेक्टरांनी एआयचे ठरवले होते. मराठी माध्यमातून येऊन फर्ग्युसन किंवा एसपी कॉलेजमध्ये इंग्रजीत असाइनमेंट लिहिणारी आपली मुलं नेमकी याच गटात मोडतात.

डॅश नाही म्हणून लेख खरा मानणं

ही चूक मला जास्त महागात पडली असती. बाईंच्या प्रकरणानंतर आठवडाभरात पुण्यातल्या वाड्यांवरचा एक लेख आला. एकही डॅश नव्हता, सगळं नीटनेटकं. विश्रामबागवाडा मात्र त्यात थोरल्या बाजीरावांनी बांधलेला होता. थोरले बाजीराव १७४० मध्ये गेले आणि वाडा दुसऱ्या बाजीरावाचा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. आधार म्हणून दिलेलं पुस्तक कुठल्याच ग्रंथालयाच्या यादीत सापडेना. लेखकाला विचारल्यावर त्यानं आधी नेटवर्कची तक्रार केली, मग कबूल केलं.

डॅश काढायला एक 'शोधा आणि बदला' पुरतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर ओपनएआयचे सॅम ऑल्टमन यांनी जाहीरच केलं, की डॅश नको असं बजावलं तर चॅटजीपीटी आता ऐकतं. ज्याला लपवायचंय तो पहिल्यांदा डॅशच काढणार. सापडणार ते बाईंसारखे, ज्यांच्याकडे लपवायला काहीच नाही.

मग बघायचं काय? मी आता वाक्य बघतो. 'हे केवळ घर नाही, तर एक भावना आहे', 'चला तर मग जाणून घेऊया', जिथे तिथे कुणीतरी 'महत्त्वाची भूमिका बजावते', प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक सुविचार. अशा लेखात गल्लीचं नाव नसतं, वास नसतो, कुणी कुणावर चिडत नाही. अर्थात वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अशी वाक्यं चॅटजीपीटीच्या आधीपासून छापून येतायत, तेव्हा यावरूनही थेट आरोप नको. डॅशला अजिबात किंमत नाही असंही मी म्हणत नाही. दहा वर्षं 'विषय :-' लिहिणाऱ्या माणसाच्या लेखात अचानक वीस लांब डॅश आले, तर त्याला फोन करावा. फक्त आधी त्याचं जुनं लेखन काढून शेजारी ठेवावं.

आणि फोनवर विचारायचं ते लेखाबद्दल. हा प्रसंग कुठल्या साली घडला, हा वाडा नेमका कुठल्या बोळात, हा परिच्छेद आधी वेगळा होता का. ज्यानं लिहिलंय तो या प्रश्नांवर खुलतो, आवरणं कठीण जातं. मजकूर गुगल डॉक्समध्ये लिहिलेला असेल, तर आवृत्त्यांचा इतिहास दाखवायला सांगता येतो. लेख वाढत, खोडत, अडखळत गेलेला दिसतो की एका फटक्यात येऊन पडलेला, ते तिथे कळतं. तोही पुरावा पक्का नाही, कारण कुणी फुलस्केपवर लिहून मग टाइप करून घेतं.

बाईंचा लेख आम्ही छापला. छपाईआधी प्रूफ त्यांच्याकडे पाठवलं होतं, ते तीन दिवसांनी परत आलं. आमच्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या होत्या आणि चौथ्या पानावर लाल पेनानं एक नवा डॅश घातला होता. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "हा मीच दिला आहे."