ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवरून पोस्टग्रेसला कसं जोडायचं

सर्व्हरवर बसून पीएसक्यूएल (पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरला टाइप करून आज्ञा द्यायचं साधन) उघडलं तर सगळं सुरळीत, आणि पलीकडच्या टेबलावरून बिलिंगचं सॉफ्टवेअर मात्र जोडलंच जात नाही. यात बिघाड काही नाही. पोस्टग्रेस नवीन बसवलं की ते फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतं. बाहेरच्याला आत घ्यायचं तर चार ठिकाणी मोकळीक द्यावी लागते: ऐकण्याचा पत्ता, फायरवॉल, एचबीए फाइल (कोणाला कुठून आत घ्यायचं त्याची यादी) आणि डेटाबेसमधले हक्क. चारही ठिकाणी एकदम हात घातला की नेमकं काय चुकलं ते सापडत नाही. एकेक करत जा, आणि एरर नीट वाचा.

इथे उबुंटू २४.०४ आणि त्यासोबत येणारं पोस्टग्रेस १६ धरलं आहे. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१०, डेटाबेस ‘दुकान’, युजर ‘बिलिंग’. सेटिंगची नावं, कमांड आणि आकडे वाचायला देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्षात ते इंग्रजी छोट्या लिपीतच टाकायचे. आधी राउटरमध्ये जाऊन सर्व्हरचा आयपी पक्का करून टाका. नाहीतर एखाद्या दिवशी वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि सगळे क्लायंट एकदम बंद पडतात.

कामाच्या दोन फाइली ईटीसी/पोस्टग्रेस्क्यूएल/१६/मेन या फोल्डरात असतात. पहिली पोस्टग्रेस्क्यूएल.कॉन्फ. तिच्यात लिसन_अ‍ॅड्रेसेस ही ओळ शोधा. तिथे ‘लोकलहोस्ट’ असतं. त्या जागी एकेरी अवतरणात फुली, म्हणजे '*', घाला. ओळीच्या सुरुवातीचं # काढायला विसरू नका. ते राहिलं तर ती ओळ नुसती टिप्पणी ठरते, आणि अर्धा दिवस इथेच जातो. फुलीऐवजी सर्व्हरचा आयपीही चालतो, पण मशीन सुरू होताना नेटवर्क उशिरा आलं तर पोस्टग्रेसला तो पत्ता धरता येत नाही. फुली ठेवून फायरवॉल घट्ट करणं जास्त सोयीचं.

हा बदल रीलोडने लागू होत नाही, रीस्टार्टच करावा लागतो: सुडो सिस्टीमसीटीएल रीस्टार्ट पोस्टग्रेस्क्यूएल. त्यानंतर स्टेटस पाहिलं तर ‘अ‍ॅक्टिव्ह (एक्झिटेड)’ दिसतं. घाबरू नका, ती नुसती वरची छत्री आहे, खरी सर्व्हिस ‘पोस्टग्रेस्क्यूएल@१६-मेन’ या नावाने चालते. पीजी_एलएसक्लस्टर्स चालवलं की व्हर्जन, पोर्ट आणि चालू-बंद हे एका ओळीत कळतं. पोर्टही इथेच पाहून घ्या. मशीनवर जुनं व्हर्जन आधीपासून असेल तर ५४३२ त्याच्याकडे राहतो आणि नव्याला ५४३३ मिळतो. मग एसएस -एलटीएन चालवा, कोणत्या पत्त्यावर ऐकणं चालू आहे ते दिसतं. ०.०.०.०:५४३२ दिसलं तर हे काम झालं. अजूनही १२७.०.०.१ दिसत असेल तर कोणीतरी पूर्वी पोस्टग्रेसमध्ये ‘अल्टर सिस्टीम’ ही आज्ञा वापरलेली असू शकते. ती सेटिंग पोस्टग्रेस्क्यूएल.ऑटो.कॉन्फमध्ये जाऊन बसते आणि तुमच्या फाइलवर कुरघोडी करते.

फायरवॉलचं काम एका ओळीचं: सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ५४३२ प्रोटो टीसीपी. यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) आधी बंद असेल आणि तुम्ही एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरमध्ये शिरून, काम करत असाल, तर ते चालू करण्याआधी एसएसएचला परवानगी द्या, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल.

आता दुसरी फाइल, पीजी_एचबीए.कॉन्फ. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. शेवटी ही ओळ जोडा:

होस्ट  दुकान  बिलिंग  १९२.१६८.१.०/२४  स्क्रॅम-शा-२५६

म्हणजे टीसीपीवरून, दुकान या डेटाबेससाठी, बिलिंग या युजरला, १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या कुठल्याही पत्त्यावरून, स्क्रॅम पद्धतीच्या पासवर्डने प्रवेश. पोस्टग्रेस ही फाइल वरून खाली वाचतं आणि जुळलेल्या पहिल्याच ओळीवर थांबतं. तिथे पासवर्ड चुकला तर पुढची ओळ बघत नाही. म्हणून वर कुठे त्याच पत्त्यांसाठी ‘रिजेक्ट’ किंवा वेगळी पद्धत असेल, तर तुमची ओळ कितीही बरोबर असली तरी व्यर्थ. ‘ट्रस्ट’ टाकून बघू म्हणणारे पुष्कळ भेटतात. ट्रस्ट म्हणजे पासवर्डच नाही, आणि तात्पुरती टाकलेली ओळ वर्षभर तशीच राहते.

या फाइलला रीलोड पुरतो. पण ओळीत चूक असेल तर पोस्टग्रेस गुपचूप जुनेच नियम चालू ठेवतं आणि तक्रार फक्त लॉगमध्ये लिहितं. त्यामुळे रीलोडआधी पीएसक्यूएलमध्ये पीजी_एचबीए_फाइल_रूल्स हा व्ह्यू (या फाइलमधल्या नियमांचा तक्ता) सिलेक्ट करून पाहा. एररच्या रकान्यात काही दिसलं तर शेजारीच ओळ क्रमांक असतो.

युजर बनवताना नावात मोठी अक्षरं नकोत. अवतरणाशिवाय लिहिलेलं नाव पोस्टग्रेस छोट्या लिपीत करून ठेवतं, आणि क्लायंटमध्ये मोठ्या अक्षराने टाकलं की जुळत नाही. शिवाय व्हर्जन १५ पासून पब्लिक स्कीमात (डेटाबेसमधल्या टेबलांच्या नेहमीच्या कप्प्यात) टेबल बनवायचा हक्क सगळ्यांना आपोआप मिळत नाही. सॉफ्टवेअर स्वतः टेबलं तयार करत असेल तर डेटाबेसची मालकी बिलिंगलाच द्या.

क्लायंटमध्ये होस्टच्या जागी १९२.१६८.१.१० घाला. तिथे लोकलहोस्ट लिहिलं तर तो कॉम्प्युटर स्वतःलाच विचारत बसतो. जोडणी एका लांब यूआरएलने होत असेल आणि पासवर्डमध्ये @ असेल, तर त्या जागी %४० लिहावं लागतं.

तरीही जमलं नाही तर एरर काय सांगते ते पाहा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे बहुधा मशीनपर्यंत पोहोचलात, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. पहिल्या फाइलकडे परत. बराच वेळ फिरून ‘टाइम आउट’ आलं तर फायरवॉल, चुकीचा आयपी, किंवा क्लायंट गेस्ट वायफायवर. ‘नो पीजी_एचबीए.कॉन्फ एन्ट्री’ ही तर चांगली बातमी: पोस्टग्रेसपर्यंत पोहोचलात, आणि त्याच एररमध्ये आयपी, युजर आणि डेटाबेस लिहिलेले असतात. ते जसेच्या तसे ओळीत घाला. ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ फसवी आहे, कारण युजरच अस्तित्वात नसला तरी क्लायंटला हेच दिसतं. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडतं. जुन्या सर्व्हरवरून एमडी५ या जुन्या पद्धतीने साठवलेले पासवर्ड तसेच आणले असतील तर स्क्रॅमच्या ओळीवर ते चालत नाहीत, पासवर्ड नव्याने द्यावा लागतो. ‘ऑथेंटिकेशन टाइप १०’ चालत नाही असं आलं तर सर्व्हरला हात लावू नका, क्लायंटचा ड्रायव्हर जुना आहे.

चार दिवस नीट चालून मग ‘टू मेनी क्लायंट्स’ आलं तर हिशोब करा. मॅक्स_कनेक्शन्स मुळात १०० असतं, त्यातली ३ सुपरयुजरसाठी (सगळे हक्क असलेल्या युजरसाठी) राखीव. आठ कॉम्प्युटर आणि प्रत्येकाचा पूल (सॉफ्टवेअर उघडून ठेवतं त्या जोडण्या) २० चा, म्हणजे १६० झाली. आकडा वाढवण्याआधी पूल ५ वर आणा.

दुसऱ्या शाखेतून जोडायचं असेल तर राउटरवर ५४३२ उघडू नका. वायरगार्ड (दोन शाखांना सुरक्षित जोडणारं व्हीपीएन) बसवा, किंवा एका माणसापुरतं असेल तर एसएसएचचा बोगदा पुरतो: एसएसएच -एल ५४३३:लोकलहोस्ट:५४३२, पुढे सर्व्हरचं लॉगिन (इथला एल मात्र मोठा, -L). मग त्या कॉम्प्युटरवर होस्ट लोकलहोस्ट आणि पोर्ट ५४३३. अशी जोडणी पोस्टग्रेसला स्वतःच्याच मशीनवरून आलेली दिसते, तेव्हा एचबीएमध्ये लोकलहोस्टची ओळ शाबूत हवी.