पीएच.डी. करायचीय? आधी गाईड गाठा

एम.एस्सी.चा निकाल लागला की मुलं विभागात येतात आणि पहिलं विचारतात, "मॅडम, फेलोशिप किती मिळते?" रास्तच आहे. चांदवड-निफाडहून येऊन नाशकात खोली करून राहायचं म्हणजे पैसा लागतोच. पण फेलोशिपच्या, म्हणजे संशोधन करताना दरमहा मिळणाऱ्या पैशांच्या, दोन वाटा आहेत आणि त्यांचा क्रम एकमेकींच्या उलट आहे.

पहिली वाट नेट-जेआरएफची: नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि जेआरएफ ही तिच्यातून मिळणारी फेलोशिप. इथे परीक्षा आधी, प्रवेश नंतर. विज्ञानवाल्यांसाठी सीएसआयआरची नेट, बाकीच्यांसाठी यूजीसीची. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. जेआरएफ हुकली तरी २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशाला धरतात: ७० टक्के परीक्षेचे, ३० टक्के मुलाखतीचे. विद्यापीठाच्या पेटच्या, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षेच्या, जाहिरातीवरही लक्ष ठेवा.

दुसरी वाट राज्याच्या संस्थांची. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी महाज्योती. इथे आधी पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन, मग फेलोशिप. म्हणून प्रवेश लांबवत "आधी फेलोशिप मिळू दे" म्हणत बसू नका.

आता मुद्द्याचं. जागा विद्यापीठात नसते, गाईडकडे, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकाकडे असते. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. पुणे विद्यापीठाची संशोधन केंद्रं नाशकातल्या महाविद्यालयांतही आहेत, दर वेळी पुण्यात गणेशखिंडीला जायची गरज नाही. आरोग्यशास्त्रात काम करायचं असेल तर म्हसरूळचं आरोग्य विद्यापीठ आहेच.

गाईड कसा पारखायचा? शोधगंगा ही वेबसाइट उघडा. तिथे देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. गाईडच्या नावाने शोधा, कितीजणांचे प्रबंध पूर्ण झालेत ते पाहा, आणि त्यातल्या एखाद्याला फोन करून सरळ विचारा: सर वेळ देतात का? मसुदा किती दिवसांनी परत येतो? हे विचारायला संकोच करू नका, आयुष्याची किमान तीन वर्षं त्या माणसाच्या हाताखाली काढायची आहेत. मग प्रबंधाचं शेवटचं प्रकरण वाचा. पुढे काय करायला हवं, हे बहुतेक तिथेच लिहिलेलं असतं. विषय तिथे सापडतात.

एक मुलगी "कांद्यावरचे रोग" असा विषय घेऊन आली होती. त्यात तर दहाजणांच्या पीएच.डी. होतील. तिच्या घरी रांगडा कांदा घेतात. बोलता बोलता विषय आला तो रांगड्यावरच्या जांभळ्या करप्यावर, म्हणजे पातीवर जांभळे डाग पाडणाऱ्या रोगावर, तोही तिच्याच तालुक्यापुरता. मग गाईडला लिहिलेली मेल पाच ओळींत बसली: मी कोण, तुमचा कोणता पेपर वाचला, मला काय शोधायचंय, नेटची स्थिती काय, भेटायला कधी येऊ. "आदरणीय महोदय, मला संशोधनाची प्रचंड आवड आहे" असं लिहिलेल्या मेलला उत्तर येत नाही. सोबत दोन पानांचा आराखडा जोडा.

नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, त्यासाठी संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. पण या फेलोशिप पूर्णवेळ संशोधकांसाठी आहेत, तेव्हा घरी बसून हिशोब आधी करा.

आणि जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आजच काढायला टाका. जाहिरात आल्यावर सेतू केंद्रात रांग लागते आणि मुदत कोणासाठी थांबत नाही.